आजारपणाचा वारंगुळा

कांद्याची लागण सुरू झाली की पारनेरच्या पठारावर माणसांची टंचाई होते. मजुरी परवडत नाही आणि रोप थांबत नाही. मग शेजारच्या चार घरांचा वारंगुळा ठरतो. आज सगळे तुमच्या वावरात, उद्या आमच्या, परवा पलीकडच्या वस्तीवर. कुणी कुणाला पैसे देत नाही, पण कोण कुणाकडे किती दिवस राबलं हे सगळ्यांच्या ध्यानात पक्कं असतं. कुठे याला सावड म्हणतात, कुठे इर्जिक. नाव काहीही असो, एका घराला न पेलणारं काम चार घरांनी उचलायचं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

त्याच वस्तीवर एखाद्या घरात सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलेलं असतं. उजवी बाजू लुळी, बोलणं जड, लघवीला नळी. पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. बिस्किटांचे पुडे येतात, शहाळी येतात, "काळजी घ्या" म्हणून सांगणं होतं. महिन्याभरात रीघ आटते. सहा महिन्यांनी त्या खाटेपाशी एकच माणूस उरतं. बहुतेक ठिकाणी ती सून असते, नाहीतर बायको, नाहीतर माहेरी परत आलेली लेक. एखाद्या घरी बिनलग्नाचा मुलगा किंवा निवृत्त नवराही असतो. कांद्याला वारंगुळा मिळतो, आजारपणाला मिळत नाही. रोग्याची सेवा करणारं माणूस आतून का करपतं, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

पठारावरचं घर

पारनेर हा अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या नगर जिल्ह्यातला, कायमचा अवर्षणग्रस्त तालुका. सव्वाशेहून अधिक गावं, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेतीन लाखांच्या आसपास वस्ती. कान्हूरच्या पठारावर वाटाणा आणि मूग, खाली कांदा आणि ज्वारी, आणि सगळं आभाळाच्या भरवशावर. पाणी नाही म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. आता पोरं सुप्याच्या आणि रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, काही चाकणला खोली करून राहतात. गावात राहतात ती म्हातारी माणसं, आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका.

लोक गावात राहत नाहीत, मळ्यात राहतात. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये खडीचा किंवा मातीचा तुकडा असतोच. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, पण मेंदूचा डॉक्टर पाहिजे तर नगर गाठायचं, ते चाळीसेक किलोमीटर. पुणे त्याच्या दुपटीहून लांब. लकवा झालेल्या माणसाला फेरतपासणीला न्यायचं म्हणजे गाडी ठरवायची, उचलायला दोन गडी बघायचे, आणि त्या दिवसाचं दूध, जनावरं, पोरांची शाळा कुणावर तरी सोपवायची. एका तपासणीमागे तीन माणसांचा रोज बुडतो. म्हणून तारखा चुकतात, आणि चुकल्याचा दोष खाटेपाशी बसलेल्या बाईवर येतो.

तिचा दिवस मांडून बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात, असं डॉक्टर सांगतात. सांगणं बरोबरच आहे. पण रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे चार वेळा उठायचं. पहाटे धारा. मग चहा, अंग पुसणं, कपडे बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, पातळ करून भरवणं. एकेक घास गिळेपर्यंत थांबायचं, घाई केली तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. मग स्वयंपाक, शेत, धुणं. दुपारी मोटरीला लाइट आली तर पाणी द्यायला पळायचं, आणि तिकडे असतानाही कान खाटेकडेच. या बाईला "काय करता?" असं विचारलं तर उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते."

सरकारी मोजणीत ती थोडीफार दिसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाच्या तरी सांभाळात गुंतलेल्या होत्या, पुरुष २१.४ टक्के. अशा स्त्रीचा दिवसातला वेळ १४० मिनिटं, पुरुषाचा ७४. यात लहान मुलांचा सांभाळही आला. पण रात्री डोळा लागत असताना अर्धं मन जागं ठेवणं कुठल्या मिनिटांत धरायचं?

विसरणारं माणूस

लकव्यात निदान आजार दिसतो. स्मृतिभ्रंशात तोही दिसत नाही. लासी या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, डिमेन्शियाने ग्रस्त आहेत; प्रमाण बायकांत आणि खेड्यांत जास्त. खेड्यात याला म्हातारचळ म्हणतात आणि सोडून देतात. सासूबाई जेवून उठतात आणि दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सून मला उपाशी ठेवते." ऐकणाऱ्याला खरं वाटतं. सुनेने कितीही केलं तरी गावात नाव खराब होतं. अंगमेहनतीचा शीण झोपेने थोडा तरी उतरतो. या बदनामीचा शीण उतरत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे प्राध्यापक असेच हरवत जातात. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी दुकानात जाते आणि ते एका हत्तीमागे निघून जातात. शोधणाऱ्या मुलीची घालमेल आणि अपराधीपण हा चित्रपटाचा एक पदर. दुसरा पदर त्यांना सांभाळणाऱ्या माहुताच्या बायकोचा. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नात्याने कुणीही नसलेली बाई एका म्हाताऱ्याला सहज पदराखाली घेते, कारण तिच्यावर मागच्या पाच वर्षांचा थकवा साचलेला नसतो. रोज सांभाळणाऱ्या लेकीची माया कमी झालेली नसते, तिचं बळ संपलेलं असतं.

जे कुणी बोलत नाही

बळ संपलं की काय होतं, हे सांभाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. भरवताना चमचा जोरात लागतो. कूस बदलताना हात नको तितका कडक पडतो. पोरांवर उगाच ओरडणं होतं. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून महिना झालेला असतो, दुखणं अंगावर काढलं जातं. देवळात जाणं बंद, हळदीकुंकू बंद, माहेरचं लग्न असलं तर "माझं कसं जमणार" म्हणून अक्षता घरूनच टाकायच्या. आणि एखाद्या रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मनात येतं, सुटेल का आता हा? दुसऱ्याच क्षणी स्वतःची शिसारी येते. मग ती व्यक्ती जाते तेव्हा रडूही नीट येत नाही, कारण आपण मनात म्हटलं होतं ते खरं झालं असं वाटत राहतं.

हा विचार मनात येणाऱ्या बाईला किंवा पुरुषाला दुष्ट समजू नये. झोप तुटलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाच्या मनात तो येतोच. कमी आहे ते तो बोलून दाखवता येईल असं माणूस.

शरीरावरचे परिणामही मोजले गेले आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या इतर १३ स्त्रिया यांच्या हातावर एकसारखी बारीक जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वयस्क जोडप्यांचा चार वर्षं केलेला पाठपुरावा मांडला. जोडीदाराला सांभाळताना ज्यांची ओढाताण होत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सांभाळाचं काम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. जे सांभाळत होते पण ज्यांची ओढाताण होत नव्हती, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. सेवेने माणूस मरत नाही. एकट्याने, विसाव्याविना केलेल्या सेवेने आयुष्य झिजतं.

तिसरा अभ्यास यापेक्षा जुना आणि आपल्या कामाचा. १९८० मध्ये स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्यांना ओझं किती वाटतं हे मोजायला एक प्रश्नावली केली. तिचं २२ प्रश्नांचं रूप आजही जगभर वापरतात. आजार जितका वाईट तितकं ओझं जास्त, असा आपला समज. त्यांना तसं आढळलं नाही. ओझं कमी-जास्त होत होतं ते घरी बाकीचे नातेवाईक किती वेळा येतात यावर. म्हणजे भेटायला येणारी माणसं हे आजारपणातलं औषधच आहे, आणि ते पहिल्या आठवड्यात सगळं एकदम देऊन संपवण्याची आपली रीत आहे.

मुंबईकर भाऊ

पारनेरच्या घरोघरी एक मुंबईकर असतो. तो वाईट नसतो. पैसे पाठवतो, गोळ्या पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो. कोरठणच्या खंडोबाच्या यात्रेला किंवा दिवाळीला चार दिवस येतो, आईच्या खाटेपाशी बसतो आणि म्हणतो, "आई किती वाळली गं! तुम्ही नीट जेवायला घालत नाही का?" वर्षभर केलेल्या कामावर या एका वाक्याने पाणी पडतं. खरं तर वर्षभर जवळ नसण्याची बोच त्याला बोलायला लावते. पण ऐकणारीला ते कळायला तिच्यात त्राण उरलेलं नसतं.

दुसरी रीत वाटणीतली. जमिनीच्या वाटण्या होतात तशी आईबापांचीही होते. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. नाहीतर आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. कष्ट वाटून घेण्याचा विचार यात आहे, तो चुकीचा नाही. पण फिरवलं जातं ते आजारी माणूस. ज्याला कालचं आज आठवत नाही, त्याची खाट, मोरी, अंगण दर महिन्याला बदललं की त्याचा गोंधळ वाढतो, रात्री तो दार शोधत भटकतो. माणूस एका जागी राहू द्यावा आणि पाळी फिरवावी. धाकट्याच्या घरी आई असेल तर थोरल्याच्या घरातल्याने आठवड्यातल्या दोन रात्री तिथे झोपायला यावं. मुंबईकराने वर्षातली सुट्टी यात्रेपुरती न ठेवता तिचा एक भाग गावातल्या वहिनीला माहेरी पाठवण्यासाठी वापरावा. आणि ज्याला येणं जमणारच नाही त्याने दिवसा चार तास येणाऱ्या बाईचा पगार द्यावा, उपदेश देऊ नये.

कायदा कुणाच्या बाजूला

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ सालचा. त्यानुसार न्यायाधिकरण मुलांना दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत देण्याचा आदेश करू शकतं. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. न सांभाळणाऱ्याला हा कायदा धरतो. सांभाळणाऱ्याला मात्र त्यात काहीच नाही. बाळंतपणाला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आईच्या लकव्यासाठी सुप्यातल्या कारखान्यातल्या कामगाराला वेगळी अशी कुठलीही कायदेशीर रजा नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये मिळतात ते म्हाताऱ्या माणसाला, आणि तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. मोठ्या माणसाचे डायपर आणि हवेची गादी एवढंच धरलं तरी ही रक्कम पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाने करपून जाण्याची, म्हणजे बर्नआउटची, आपल्या आजारांच्या वर्गीकरणात नोंद घेतली ती नोकरी-व्यवसायातल्या ताणापुरती. खाटेपाशी राबणाऱ्या सुनेला ना हुद्दा, ना पगार, ना साप्ताहिक सुट्टी. तिचा थकवा त्या नोंदीतही बसत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना फार आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, पण ती राज्याच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. केरळने 'आश्वासकिरणम्' या योजनेतून खिळलेल्या रुग्णाला सांभाळणाऱ्याच्या हातात दरमहा ६०० रुपये ठेवले. रक्कम किरकोळ आहे. पण रुग्णापेक्षा वेगळं असं एक माणूस या घरात राबतंय, याची सरकारी कागदावर नोंद झाली, ती किरकोळ नाही.

नगर जिल्ह्याला अवघड नाही

हे काम गावाच्या आवाक्यातलं नाही, असं निदान नगर जिल्ह्याने म्हणू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं तेव्हा निरक्षर बायकांना हाताशी धरून त्यांच्यातूनच गावोगावच्या आरोग्यसेविका घडवल्या. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग या सगळ्याचं ज्ञान डॉक्टरच्या पिशवीतून काढून त्यांनी गावातल्या बाईच्या हातात दिलं. जगभरचे लोक ते बघायला जामखेडला आले. कूस कशी बदलायची, पाठीची जखम कशी ओळखायची, नळी कशी स्वच्छ ठेवायची, खाटेवरून खुर्चीत घेताना आपली कंबर कशी वाचवायची, हे याहून अवघड नाही. फक्त ते आजवर पद्धतशीर शिकवलेलं नाही. सुटी मिळते त्या दिवशी रुग्णालयात दहा मिनिटांत सांगितलं जातं, आणि ऐकणारी त्या दिवशी बिलाच्या काळजीत असते.

केरळमध्ये १९९३ पासून कोझिकोडला वेदनाशामक सेवेचं काम उभं राहिलं. त्यातून वस्तीतल्या स्वयंसेवकांची जाळी विणली गेली, आणि २००८ मध्ये राज्याने धोरण करून ही घरपोच सेवा स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडली. परिचारिका घरी येते, सोबत ओळखीचा स्वयंसेवक येतो. तो रुग्णाशी बोलतो आणि घरच्यांशीही.

आपल्याकडे पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, तिच्या मागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडात कॅलगरीला विमागणिताचे प्राध्यापक असलेल्या वाणींनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियात वर्षानुवर्षं साथ दिली होती. तिथे सांभाळणाऱ्यांचे आधारगट मिळतात, मग महाराष्ट्रात का नकोत, या विचाराने त्यांनी हे काम उभं केलं. 'देवराई' (२००४) हा चित्रपटही याच प्रयत्नांतून झाला. अशा आधारगटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथे शुभंकर एकमेकांसमोर बसतात आणि कुठेही बोलता न येणारं बोलतात. याला यंत्र लागत नाही, गोळी लागत नाही. सतरंजी लागते आणि चहा.

खुद्द पारनेरचं उदाहरणही ताजं आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भाळवणीला, नगर-कल्याण रस्त्यावर, तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांच्या पुढाकाराने हजाराहून अधिक खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं. त्यामागच्या राजकारणाबद्दल कुणाची काहीही मतं असोत. धान्य आलं, पैसे आले, राबणारे हात आले. त्याआधी कितीतरी वर्षं, १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्याबरोबर राळेगणसिद्धीच्या लोकांनी श्रमदानाने पाणी अडवलं. म्हणजे संकट सगळ्यांचं आहे असं पटलं की हा तालुका उठतो. पाणी आणि साथ सगळ्यांची वाटते. लकवा, कर्करोग, स्मृतिभ्रंश मात्र ज्याच्या त्याच्या घरचं दुखणं वाटतं, म्हणून तिथे गाव उंबऱ्याबाहेरच थांबतं.

काय करता येईल

गावातल्या खिळलेल्या रुग्णांची नावं आशाताईंना तोंडपाठ असतात. ग्रामपंचायतीने त्या नावांपुढे एक रकाना वाढवावा: सांभाळणारं माणूस कोण, त्याचं वय काय, त्याला स्वतःला कोणता आजार आहे, रात्री त्याच्या बदल्यात कोण उठतं. बचतगट दर महिन्याला भरतोच. त्यातल्या दोघीतिघींनी आठवड्यातून एक दुपार अशा घरी बसायचं ठरवावं, म्हणजे तिथली बाई बाजार करून येईल, नाहीतर नुसती झोपेल. भजनी मंडळाने महिन्यातलं एक भजन त्या ओसरीवर करावं. हवेची गादी, चाकांची खुर्ची, कमोड या वस्तू एका घरातलं माणूस गेलं की माळ्यावर पडतात. त्या देवळात किंवा पंचायतीत जमा करून पुढच्या घराला द्याव्यात. डॉक्टरांनी रुग्णाचा रक्तदाब घेतल्यावर तोच पट्टा शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या दंडालाही बांधावा.

आणि जी स्वतः या खाटेपाशी आहे तिच्यासाठी: मदत मागताना "जमलं तर या" म्हणू नका. "मंगळवारी दुपारी दोन ते पाच या" असं सांगा. लोकांना काय करायचं ते कळत नाही म्हणूनही ते येत नाहीत. सलग सहा तास झोप आठवड्यातून निदान दोन रात्री मिळालीच पाहिजे, ती औषधासारखी मागून घ्या. हात कडक पडू लागला, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तो पापाचा नव्हे, आजाराचा इशारा समजा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या योजना आणि अडचणींसाठी १४५६७ आहे.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की तुमच्यापैकी कित्येकांच्या पिशव्या गावी जायला भरलेल्या असतील. खाटेवरच्या आईसाठी साडी घेतली असेल, वडिलांसाठी स्वेटर. ते द्याच. पण पोहोचल्या दिवशीच वहिनीला सांगा, की या चार रात्री मी उठणार आहे, तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपा. लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, पाणी किती आणि कसं पाजायचं, तिच्याकडून शिकून घ्या. पाचव्या दिवशी निघण्याआधी भावंडांना एकत्र बसवा आणि पुढच्या वर्षाच्या पाळ्या तारखांसकट कागदावर लिहा, अगदी वारंगुळा ठरवतात तशा.